तिसऱ्या दिव्याखालचा नाच

रुस्को मिनेव्ह कॅमेऱ्याला फ्लॅश जोडायला लागला की लिपोवोतली माणसं राकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, पेले खाली ठेवून बघत बसत. होतंच ते बघण्यासारखं. डाव्या खांद्यावर बॅटरीची जड चामडी पेटी, छातीवर कॅमेरा आणि हातात फ्लॅश, ज्याची चकचकीत वाटी सूपच्या ताटलीएवढी मोठी. कॅमेऱ्याच्या बुडाला तो एक लोखंडी पट्टी स्क्रूने आवळायचा, पट्टीच्या टोकाला फ्लॅश उभा करायचा, त्याच्या तोंडावर बायकोचा पांढरा रुमाल ताणून बांधायचा. रुमाल नसेल तर नवऱ्या उकडलेल्या बटाट्यांसारख्या दिसतात, असं त्याचं म्हणणं होतं. आणि मग शेवटचा खेळ. फ्लॅशमधून लोंबणारी काळी वायर तो दोन बोटांत धरायचा आणि खाली अजिबात न बघता, समोरच्या विहीणबाईंना त्यांच्या तरुणपणाबद्दल काहीबाही विचारत, कॅमेऱ्याच्या भोकात नेमकी खुपसायचा. टक्.

"डोळे मिटून लावतो," तो म्हणायचा. "बायकोच्या झग्याची बटणंसुद्धा मला इतक्या पटकन सापडत नाहीत."

"ती शोधायला तू घरी कधी होतास?" नेद्यालका, त्याची बायको, मागच्या टेबलावरून म्हणायची, आणि सगळं सभागृह हसायचं. हा संवाद वर्षानुवर्षं ठरलेला होता. दोघांनीही त्यातला एक शब्द कधी बदलला नाही.

नेद्यालका आमच्या चितालिश्तेतली कपडेवाली. चितालिश्ते म्हणजे गावाचं वाचनालय, नाटकगृह आणि लग्नाचं कार्यालय, सगळं एकाच गळक्या छपराखाली. हौशी मंडळींच्या नाटकांचे राजमुकुट, दाढ्या, झगे तिच्या ताब्यात असत. रुस्को मात्र उभ्या आयुष्यात रंगमंचावर चढला नव्हता. त्याची जागा खाली, प्रेक्षकांत, तीन पायांच्या घोडीमागे. ती विद्या त्याने सैन्यात असताना उचललेली. तेव्हा एका फोटोला एक बल्ब जळायचा, आणि गरम बल्ब खिशात टाकून टाकून त्याच्या कोटाचं अस्तर करपलेलं असायचं. पुढे सहकारी संस्थेचा फोटो स्टुडिओ चौकात निघाला, तो त्याच्या हाती आला, आणि वीस वर्षांत लिपोवोतला प्रत्येक पासपोर्ट, प्रत्येक नवरी आणि शेवटी दारावर चिकटवायच्या निधनपत्रकातला प्रत्येक चेहरा रुस्कोच्या कॅमेऱ्यातून गेला. माणसाकडे निधनपत्रकाला चांगला फोटो नसेल तर तो अस्वस्थ व्हायचा. लग्नात म्हाताऱ्यांचे एकेकटे फोटो हळूच काढून ठेवायचा. का काढतोस, हे कोणी विचारायचं नाही.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात संस्थेने त्याला नवा जर्मन कॅमेरा दिला. या कॅमेऱ्याला एकाखाली एक अशी दोन भोकं होती. वरच्या भोकापाशी विजेची छोटी खूण, खालच्यापाशी एक अक्षर. खालचं भोक जुन्या बल्बांसाठी. बल्ब पेटून पूर्ण उजळायला क्षणभर लागतो, म्हणून ते भोक इशारा थोडा आधी देतं. वरचं नव्या, बॅटरीच्या फ्लॅशसाठी. रुस्कोला हे माहीत होतं. स्टुडिओत त्याने चष्मा लावून, बघून, दोनदा वायर जोडली आणि काढली. मग उन्हाळाभर फ्लॅशची गरजच पडली नाही. आणि त्याच्या बोटांना हे काही माहीत नव्हतं. वीस वर्षं त्यांना एकच जागा ठाऊक होती, आणि त्या जागी नव्या कॅमेऱ्यात खालचं भोक होतं.

सप्टेंबरात दाफिनाचं लग्न निघालं. दाफिना स्तामेनोवा, विणकाम कारखान्यातली, हसली की दोन्ही गालांना खळ्या. तिचा बाप स्तामेन वीजतंत्री होता. लिबियाच्या वाळवंटात खांब उभारून तारा ओढायच्या कामावर तीन वर्षांच्या करारावर गेला होता. लेकीच्या लग्नासाठी त्याला कशीबशी चार दिवसांची रजा मिळाली, आणि त्यातले तीन दिवस विमान न मिळाल्याने तिकडच्या विमानतळावरच गेले.

म्हणून रविवारी दुपारी दाफिनाने फुलं घातलेली पाण्याची तांब्याची घागर पायाने उडवली तेव्हा बाप नव्हता. डोक्यावर धरलेला गोल पाव नवरा-नवरीने ओढून तोडला आणि मोठा तुकडा तिच्या हातात आला तेव्हाही नव्हता. ते सगळं उन्हात, अंगणात झालं. रुस्कोने फ्लॅशशिवाय चौदा फोटो काढले. संध्याकाळी मंडळी चितालिश्तेत बसली, छताला दिव्यांची माळ लागली, आणि सात वाजता दारात स्तामेन उभा राहिला. बसमधून थेट उतरलेला, बुटांवर दोन खंडांची धूळ, हातात पिशवी. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने त्याला परत निघायचं होतं.

दाफिना टेबलांमधून धावत गेली. गान्चो, आमचा ॲकॉर्डियनवाला, कोणी सांगायची वाट न बघता वाजवायला लागला. बाप-लेक नाचायला उभे राहिले. रुस्कोने पट्टी आवळली, रुमाल बांधला, वायर उचलली आणि स्तामेनच्या बायकोला, गेनाला, विचारलं की नवऱ्याला ओळखलंस का. टक्. मग त्याने अकरा फोटो काढले. अकरा वेळा सभागृह उजळलं. स्तामेन प्रत्येक उजेडाला डोळे मिटून हसला. त्या रात्री ज्याला विचाराल तो हेच सांगेल, की फ्लॅश पेटला होता. सगळ्यांनी पाहिला होता.

मंगळवारी रुस्कोने फिल्म धुतली. पहिले चौदा चौकोन छान आले होते. घागरीतून उडालेल्या पाण्याचा थेंबन्‌थेंब दिसत होता. त्यानंतरची पट्टी कोरी, काचेसारखी. तो ती दिव्यासमोर धरून उभा राहिला. मग टेबलावरचा कॅमेरा ओढला आणि रविवारी सभागृहातून आणल्यावर अजून न काढलेली वायर कोणत्या भोकात आहे ते पाहिलं.

नाटकवाल्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल. पडदा उघडायच्या आधीच दिवे लागले आणि विझले, आणि पडदा उघडला तो अंधारावर.

कोऱ्या पट्टीवर एवढंच होतं की छतावरच्या माळेतल्या दिव्यांचे बारीक ठिपके आले होते. नाचाच्या मधल्या चौकोनाचा त्याने एक फोटो छापला. काळा कागद, वर सात पांढरे ठिपके. तो घेऊन तो घरी गेला आणि नेद्यालकाच्या शिलाईयंत्रावर ठेवला.

तिने तो उचलून दिव्याखाली धरला. "फिल्म खराब निघाली म्हण," ती म्हणाली. "गावात कोण तपासायला येणार आहे?"

खरंच कोणी आलं नाही. दाफिना स्टुडिओत आली तेव्हा त्याने तेच सांगितलं, फिल्म खराब निघाली, आणि सांगताना त्याचा आवाज असा फुटला की तिनेच त्याची समजूत काढली. रुस्कोकाका, तुम्ही काय करणार, असं म्हणाली, आणि बाहेर जाऊन फाटकाला टेकून रडली, ते त्याने काचेतून पाहिलं. बापाला परत बोलावता येणार नव्हतं. नुसता तिचाच फोटो पुन्हा काढायचा म्हटला तर आमच्याकडे कुमाने, म्हणजे लग्न लावणाऱ्या धर्ममातेने, नवरीच्या डोक्यावरची ओढणी एकदा उतरवली की ती पुन्हा डोक्यावर जात नाही. दोनदा ओढणी घेणारीच्या नशिबी दोन नवरे येतात, असं मानतात. कोण घेणार ती जोखीम?

गाव रुस्कोच्या बाजूने उभं राहिलं. फिल्म बनवणाऱ्यांना शिव्या बसल्या. गेनाने त्याच्यासाठी ल्युतेनित्साची बरणी आणली, लाल ढोबळ्या मिरच्या भाजून स्वतः घोटलेली. पुढच्या शरदातही आणली, त्याच्या पुढच्याही. बिचाऱ्याने मनाला लावून घेतलंय, असं ती सगळ्यांना सांगायची. त्या बरण्या रुस्कोच्या घशाखाली उतरल्या नाहीत. नेद्यालका त्या एकेक करून चितालिश्तेतल्या तालमींना घेऊन जायची, आणि आमच्या राजे-प्रधानांनी त्या पावाला लावून फस्त केल्या, कशाच्या ते न जाणता.

रुस्कोचा खेळही बंद झाला. वायर जोडायची वेळ आली की तो कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जोडायचा. "बटणं सापडली का?" असं कोणी ओरडलं तर नुसता हसायचा. लोक म्हणाले, वय झालं.

ऐंशीच्या ऑक्टोबरात स्तामेन कायमचा परत आला. काळा पडलेला, केस पांढरे, आणि अंगणात दोन वर्षांची नात, जिने त्याला पाहताच भोकाड पसरलं. तिसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. काखेत एक खोकं होतं.

"गेनाने पत्रात लिहिलं होतं सगळं," तो म्हणाला. "फिल्मने दगा दिला आणि तू रडलास म्हणून. मी तंबूत ते पत्र वाचलं आणि ठरवलं, जाताना रुस्कोला काहीतरी न्यायचं."

खोक्यात जपानी फ्लॅश होता. मुठीएवढा, काळा, गुळगुळीत. त्याला पेटी नको, पट्टी नको. त्रिपोलीच्या बाजारात घेतलेला. रुस्कोने तो हातात घेतला आणि नुसता उलटसुलट करत राहिला. स्तामेनला मात्र घाई होती. तारा ओढणाऱ्या माणसाला नवीन यंत्र जोडून पाहिल्याशिवाय कुठलं चैन? त्याने कॅमेरा पुढे ओढला. फ्लॅश वरच्या खाचेत सरकवला, तो बसला, पण पेटला नाही, कारण त्या कॅमेऱ्याची वरची खाच नुसती धातूची होती. वीज तिथे येतच नव्हती. मग स्तामेनने खोक्यातली छोटी वायर काढली, कॅमेरा फिरवला आणि थांबला.

"दोन भोकं का रे?" त्याने विचारलं.

रुस्कोने आपली खुर्ची मागे सारली, उठला, दाराला आतून कडी घातली. मग कॅमेऱ्याची मागची झडप उघडली. आत फिल्म नव्हती. त्याने वायर खालच्या भोकात लावली, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे वळवला आणि म्हणाला, "मागून डोळा लाव."

स्तामेनने डोळा लावला. रुस्कोने बटण दाबलं. खोली उजळली.

"काय दिसलं?"

"काही नाही. अंधार."

रुस्कोने वायर काढून वरच्या भोकात लावली. पुन्हा दाबलं.

"आता दिसलं," स्तामेन म्हणाला. "लख्ख चौकोन. भिंतीवरचा खिळासुद्धा." आणि मग तो हळूहळू सरळ झाला, कारण तो वीजतंत्री होता आणि त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती.

तरी रुस्कोने सांगितलं. "तुझा नाच खालच्या भोकात गेला, स्तामेन. फिल्म चांगली होती. मी बघितलं नाही. लोक बघत होते ना, म्हणून बघितलं नाही."

स्तामेन खिडकीपाशी गेला. बाहेर चौकात शेंगदाणेवाला आपली गाडी लावत होता, ती पूर्ण लावून होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं मी तिकडे फिल्म करणाऱ्या कारखान्याच्या आईबापांचा उद्धार करत होतो. रोज. नियमाने."

"मला शिव्या दे."

"संपल्या. सगळ्या त्यांना देऊन झाल्या." तो वळला. "काहीच आलं नाही? अगदी काहीच?"

रुस्कोने खणातून काळा कागद काढला. स्तामेनने तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"यात मी कुठे आहे?"

रुस्कोने बोट ठेवलं. "इथे. डावीकडून तिसऱ्या दिव्याखाली. ती तुझ्या खांद्याला टेकलेली आहे, आणि तू डोळे मिटलेत."

स्तामेनने कितीतरी वेळ बोट ठेवलेली ती जागा पाहिली. मग कागद न दुमडता आतल्या खिशात घातला. "येत्या रविवारी," तो म्हणाला. "त्याच सभागृहात. तीच माणसं, तेच कपडे, ज्याची जी खुर्ची ती. तू फोटो काढायचास. आणि का काढतोयस ते लोकांना तूच सांगायचंस. मी नाही सांगणार."

रुस्को तीन दिवस नीट जेवला नाही. नाव गेलं की आमच्यासारख्या गावात दुसरं मिळत नाही, हे त्याला कळत होतं. नेद्यालकाने एकदाच विचारलं, तब्येत बिघडली म्हणून सांगू का? तो म्हणाला, नको, मागच्या वेळी तुझं ऐकलं होतं. ती त्याचा काळा कोट बाहेर काढून इस्त्री करायला लागली.

अडचण ओढणीची आली. दाफिनाचा पोशाख दोन्ही बाजूंनी उसवून मोठा केला, तो बसला. पण ओढणी पुन्हा डोक्यावर घ्यायला गेनाने साफ नकार दिला, आणि स्तामेन हटून बसला, की तंबूत डोळ्यांसमोर यायची ती लेक डोक्यावर पांढरं घेतलेली, मला तीच हवी. नवरा-बायको तीन वर्षांनी भेटली आणि चौथ्या दिवशी त्यांचं बोलणं बंद झालं. तेव्हा नेद्यालका त्यांच्या घरी गेली. हातात चितालिश्तेची ओढणी होती, खिडकीच्या जाळीच्या पडद्यातून कापलेली, प्रत्येक नाटकातल्या प्रत्येक नवरीने आजवर डोक्यावर घेतलेली.

"ही लग्नाची नाही, नाटकाची आहे," ती म्हणाली. "ही घेऊन सोळा जणी नवऱ्या झाल्या, त्यातल्या पाच जणींचे नवरे तिसऱ्या अंकात मेले, आणि घरी गेल्यावर सगळ्यांचे नवरे जिवंत होते. एकीने तर तक्रारही केली."

गेना हसली, आणि हसली तेव्हाच प्रश्न मिटला.

रविवारी सभागृह भरलं. तीन वर्षांत पोटं वाढली होती, कोटांची बटणं लागत नव्हती, पण ज्याने लग्नात जो पोशाख घातला होता तोच घालून तो आला आणि आपापल्या खुर्चीत बसला. गान्चो तेवढा नव्हता. तो मार्चमध्ये गेला होता. त्याच्या निधनपत्रकावर रुस्कोनेच कधीतरी हळूच काढून ठेवलेला फोटो होता. त्याचं स्टूल तिथेच ठेवलं, आणि स्टुलावर त्याचं ॲकॉर्डियन. वाजवायला सनई घेऊन त्याचा भाऊ शेजारी उभा राहिला.

दिव्यांची माळ लागली आणि रुस्को रंगमंचावर चढला. चढताना पायरी चुकला. वर उभा राहिला तर हातांचं काय करावं ते त्याला कळेना. रंगमंचावर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं. कॅमेरा छातीवर होता, तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

"फिल्म खराब नव्हती," तो म्हणाला. "वायर चुकीच्या भोकात होती. मी तुम्हाला दाखवायला म्हणून न बघता लावली. आणि मग तीन वर्षं खोटं बोललो. गेना, तुझ्या बरण्या मी खाल्ल्या नाहीत."

दाफिना खाली टेबलापाशी उभी होती, हातातलं, नाचात हलवायचं, फुलं बांधलेलं फडकं पिळत. मग सगळ्यात मागून पोस्टमन उभा राहिला आणि म्हणाला, "रुस्को, म्हणजे माझ्या पासपोर्टातला तो चेहरा, तोही तुझ्याच चुकीने झाला का?"

"नाही," रुस्को म्हणाला. "त्या वेळी वायर बरोबर होती."

हसू आधी मागे फुटलं आणि मग लाटेसारखं पुढे आलं. दाफिनाही हसली, दोन्ही खळ्यांनी, रडत. "खाली या, रुस्कोकाका," ती म्हणाली. "बाबा उभे आहेत."

तो खाली आला. सगळ्यांसमोर त्याने चष्मा लावला. त्या दुपारी चर्चमधून आणलेली मेणबत्ती खिशातून काढली, तिचं मेण बोटांत मऊ केलं आणि खालच्या भोकात ठासून भरलं. मग वायर बघून, दोनदा बघून, वरच्या भोकात लावली. मागची झडप उघडली आणि स्तामेनला बोलावलं. स्तामेनने डोळा लावला. रुस्कोने बटण दाबलं.

"दिसला उजेड?"

"दिसला."

मग फिल्म भरली. सनई सुरू झाली. बाप-लेक तिसऱ्या दिव्याखाली नाचले. मध्येच दोन वर्षांची नात धावत आली आणि आजोबाच्या पायाला मिठी मारून बसली. आता ती त्याला घाबरत नव्हती. कोणी तिला बाजूला काढलं नाही. त्या फोटोत ती आहे, आणि मागे स्टुलावर गान्चोचं ॲकॉर्डियन आहे, आणि स्तामेनचे डोळे पुन्हा मिटलेले आहेत. आमच्याकडे दुसऱ्या कोणत्याही घरात लग्नाच्या फोटोत नवरीच्या पायाशी तिचंच मूल नसेल. स्तामेनने तो फोटो काचेत लावला, आणि त्याच काचेमागे, पाठीला, तो काळा कागद.

त्यानंतर रुस्कोने एकही लग्न झडप उघडल्याशिवाय काढलं नाही. वायर जोडून झाली की तो नवरीच्या बापाला पुढे बोलवायचा, डोळा लाव म्हणायचा, बटण दाबायचा आणि विचारायचा, दिसला उजेड? बाप म्हणायचा, दिसला. मग फिल्म, मग वाद्यं. काही वर्षांत ते एकट्या रुस्कोचं राहिलंच नाही. घागर उडवणं, पाव तोडणं, उजेड बघणं. बाप नसेल तर मामा बघायचा. एकदा कुणाच्या आंधळ्या आजोबांनी डोळा लावला आणि ठणकावून सांगितलं, दिसला.

रुस्को निवृत्त झाला त्यानंतरच्या एका लग्नात शहरातून फोटोग्राफर बोलावला होता. त्याचा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसलेला, वायर नाही, भोक नाही, काही चुकण्याची सोयच नाही. तो दोनदा म्हणाला, सुरू करा. वाद्यं वाजेनात. नवरीचा बाप कोट सावरत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता.

"कुठे डोळा लावू?" त्याने विचारलं.

फोटोग्राफरला काही कळेना. फिल्म भरलेली आहे, झडप उघडली तर सगळी वाया जाईल, असं तो सांगत राहिला. कोपऱ्यातल्या टेबलावरून रुस्को काठी टेकत उठला.

"झडप राहू दे," तो त्या माणसाला म्हणाला. "तू फोटो काढताना बघतोस ती खिडकी आहे ना, ती त्याच्या डोळ्याला लाव. आणि एकदा पेटव."

त्याने तसं केलं. सभागृह उजळलं.

"दिसला?" रुस्कोने विचारलं.

"दिसला," नवरीचा बाप म्हणाला, आणि वाद्यं वाजायला लागली.